हाय-बोनेट जीपची टाकी वाढवायची? आधी लिटर कमी करा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. साठच्या दशकातली हाय-बोनेट जीप आहे, सीजे3बी, इंजिन अजून मूळचं पेट्रोलचंच. सीटखालची टाकी तळाला पाझरायला लागली आहे. खानापूरच्या एका फॅब्रिकेटरनं सांगितलंय की जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याची 80 लिटरची टाकी मागं चासीला वेल्ड करून देतो. चोर्ला, तिलारी, दांडेली अशी भटकंती असते म्हणून मोठी टाकी पाहिजे. आता पत्रा कुठला घ्यावा, टाकी कुठं बसवावी, जुना पंप एवढ्या लांबून पेट्रोल ओढेल का, जुनी टाकी दुसरी म्हणून ठेवावी का, आणि आरटीओचं काय, असं तुम्ही विचारलंय.

पहिलं काम, त्या फॅब्रिकेटरला फोन करून थांबवा. जीआय नको, चासीला वेल्ड नको आणि 80 लिटर तर अजिबात नको.

लिटरपासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. सीजे3बीची मूळ टाकी साडेदहा अमेरिकन गॅलनची, म्हणजे 40 लिटरच्या आसपास. युद्धातल्या विलीज एमबीला 15 गॅलनची, साधारण 57 लिटरची होती. नागरी सीजे आली तेव्हा ती लहान केली. हे इंजिन ठीकठाक असलं तर रस्त्यावर लिटरला सात ते नऊ किलोमीटर देतं. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करून खाली साखळीपर्यंत जा आणि त्याच दिवशी परत या, तरी 40 लिटरमधलं पेट्रोल शिल्लक राहतं. दांडेलीचंही तसंच. आपला मुलूख वाळवंट नाही ओ, तासाभरात कुठला ना कुठला पंप लागतोच. मग लोकांना पेट्रोल का पुरत नाही? बहुतेक वेळा टाकीत असतं, पण इंजिनापर्यंत येत नाही. तळाला गंजाचा खच, चढाला नळी उघडी पडते, आणि काटा पाव टाकी दाखवतो तेव्हा आत नेमकं किती आहे हे देवालाच माहीत. यातलं एकही दुखणं टाकी मोठी करून बरं होत नाही.

उलट मोठ्या टाकीनं दोन नवी दुखणी येतात. 80 लिटर पेट्रोलचं वजन साठ किलोच्या घरात, त्यात पत्रा, पट्ट्या आणि खालचं कवच धरलं की पंचाहत्तर-ऐंशी किलो मागच्या ॲक्सलच्या पलीकडं कायमचे लटकणार. आणि तुमची गाडी रविवारी बाहेर पडणारी. म्हणजे तेच पेट्रोल तीन-तीन महिने आत पडून राहणार. पूर्वीच्या पेट्रोलला ते चालून जायचं, आताच्या ई20 ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, चालत नाही. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटीच्या हवेत ओल किती असते हे तुम्हाला सांगायला नको. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडं गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होऊन तळाला बसतो. तुमची उचलनळी नेमकी तिथूनच ओढते. सकाळी गाडी सुरू होते, फाटकापर्यंत जाते आणि बंद पडते. (आपल्याच जिल्ह्यात एवढे साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या आहेत, ऊस आपला, इथेनॉल आपलं आणि गंजही आपलाच.)

तेव्हा माझं मत असं: सीटखालची टाकी त्याच मापाची नवी करून घ्या आणि लांब जाताना 20 लिटरचा पत्र्याचा जेरीकॅन सोबत घ्या. नव्वद टक्के लोकांना एवढं पुरतं. तरीही मागंच बसवायची असेल, आणि सीटखाली पेट्रोल घेऊन बसायला नको हे कारण मला पटतं, तर 45 ते 55 लिटरची एकच टाकी करा. पुढचं त्या हिशेबानं.

माप काढणं सोपं आहे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजारानं भागा. 65 × 35 × 25 ची पेटी 57 लिटरला थोडी कमी भरते. त्यातले पाच टक्के रिकामे सोडायचे, कारण पेट्रोल दर दहा अंशांना साधारण एक टक्का फुगतं. सकाळी पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल तोंडापर्यंत भरलं आणि मे महिन्यात दुपारी गाडी उन्हात लावली, तर अर्धा-एक लिटर बाहेर येणारच. म्हणून भरणीची नळी अशा उंचीवर जोडा की पेट्रोलच्या गनला वरची जागा भरताच येणार नाही.

आता टाकीची दिशा. हे बहुतेक कारागीर विचारात घेत नाहीत, आणि घाटात नेमकं तेच नडतं. 60 सेंटिमीटर लांब, 25 उंच टाकी गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवली आणि पाव भरलेली आहे, म्हणजे आत सव्वासहा सेंटिमीटर पेट्रोल आहे, असं धरा. 30 अंशाच्या चढाला सगळं पेट्रोल मागं सरकतं आणि पुढचा 24 सेंटिमीटर तळ कोरडा पडतो. तीच टाकी आडवी बसवली, म्हणजे लांब बाजू गाडीच्या रुंदीला आणि 30 सेंटिमीटरची बाजू लांबीला, तर त्याच चढाला जेमतेम साडेचार सेंटिमीटर तळ उघडा पडतो. पत्रा तोच, लिटर तेच. उचलनळी मधोमध ठेवा, तळाला हाताच्या पंज्याएवढा उथळ खड्डा घ्या आणि नळीचं टोक त्या खड्ड्याच्या तळापासून एक सेंटिमीटर वर ठेवा. पाणी आणि गाळ त्या एका सेंटिमीटरात बसतो. खड्ड्याला निचऱ्याचा प्लग द्या. त्यासाठी लोखंडाचा जाड गोल तुकडा (बॉस) वेल्ड करून त्यात आटे पाडा, पातळ पत्र्यात आटे टिकत नाहीत.

आत पेट्रोलचे हेलकावे अडवणारे उभे पडदे, टाकीच्या लांबीला आडवे, हवेतच. 65 सेंटिमीटरच्या टाकीत दोन. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यांत दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापा म्हणजे पेट्रोल तळातून एका खणातून दुसऱ्यात जाईल, वरच्या कोपऱ्यांत हवेसाठी तसंच, आणि मध्ये एखादं मोठं भोक. पडद्याच्या कडा दुमडून मग वेल्ड करायच्या. नुसता उभा पत्रा टेकवून डाग दिले तर हेलकाव्यांनी वर्षभरात तिथंच चीर पडते, आणि ती बाहेरून दिसतही नाही.

पत्रा. जीआय का नाही, तर जस्ताचं इंधनाशी जमत नाही. डिझेलमध्ये जस्त विरघळून साबणासारखा चिकटा तयार होतो आणि नोझल धरतात. ओल धरलेल्या इथेनॉल-पेट्रोलमध्येही तो मुलामा टिकत नाही, पांढरी भुकटी होऊन गाळ अडवणाऱ्या काचेच्या वाटीत येते. शिवाय जीआय वेल्ड करताना निघणारा धूर कारागिराच्या छातीत जातो, तो वेगळाच. साधा सीआरसी (थंड लाटलेला, बिनमुलाम्याचा) पत्रा, 18 गेज म्हणजे 1.2 मिलिमीटर, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा. पण आत रंग नाही, मुलामा नाही, आणि गाडी उभी राहणारी. तुमच्यासाठी मी 304 स्टेनलेस सांगेन, दीड मिलिमीटर, टिग वेल्डिंगनं (आरगॉन वायूच्या आडोशात केलेलं बारीक वेल्डिंग). बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छे भागात चौकशी करा, पण गाडीच्या टाक्या करतो का असं विचारू नका. साखर कारखान्याच्या किंवा डेअरीच्या स्टेनलेस पाइपांचं टिग वेल्डिंग करणारा माणूस कोण, असं विचारा. त्या हाताला आतून आरगॉन सोडून सांधा मारायची सवय असते. पेटी सहा तुकड्यांची करू देऊ नका. दोन पत्रे यू आकारात वाकवून एकमेकांत बसवले की बारा सांध्यांचे आठ होतात आणि तळाच्या चार कडांपैकी निदान दोन नुसत्या वाकवलेल्या राहतात.

टाकीच्या आत लावायचा इपॉक्सीचा लेप कुणी सुचवेल. नवीन टाकीला त्याची गरज नाही. जुन्या टाकीत तो लावला आणि खाली गंज राहिला असेल, तर इथेनॉल त्याच्या पापड्या काढतं, आणि त्या गंजापेक्षा वाईट, कारण तरंगत येऊन नळीच्या तोंडालाच चिकटतात.

चासीला वेल्ड का नको? ही जीप खडबडीत वाटेवर चालते ती चासी पिळवटून. एक चाक दगडावर आणि समोरचं खड्ड्यात गेलं की चासीच्या दोन्ही लांब तुळया, म्हणजे रेल, वेगवेगळ्या कलतात. त्यांच्यामध्ये टाकी पक्की वेल्ड केली तर तो पीळ टाकीचा पत्रा सोसणार, आणि दीड मिलिमीटरचा पत्रा त्यासाठी नसतो. 40 × 40 × 5 च्या अँगलचा पाळणा करा आणि चासीला असलेल्या भोकांतूनच रबरी बुश घालून नट-बोल्टनं अडकवा. नवीन भोक पाडावंच लागलं तर रेलच्या उभ्या बाजूला, मधोमध. वरच्या-खालच्या पट्टीला ड्रिल लावू नका. टाकी पाळण्यात ठेवून वरून दोन पट्ट्या घ्या, आणि पट्टीखाली निओप्रीन रबर. जुन्या गाड्यांत तिथं नमदा असायचा. तो पाणी धरून ठेवतो आणि पत्रा नेमका त्या पट्टीखाली सडतो. आपल्या लाल चिखलाचंही तेच, म्हणून टाकीच्या वर बोटभर तरी मोकळी जागा ठेवा, पाण्याचा पाइप मारता आला पाहिजे.

बसवण्याआधी मागं जॅक चासीला लावून ॲक्सल खाली सोडा, मग गाडीत चार माणसं बसवून उलट बघा. ॲक्सलच्या मधली डिफरन्शियलची गाठ वर येते तेव्हा टाकीला लागता कामा नये. सायलेन्सरपासून चार बोटं अंतर आणि मध्ये पत्र्याचा आडोसा. खाली 3 मिलिमीटरचं कवच, त्याला चिखल निघायला भोकं.

श्वासनळीकडं सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे. ती आली नाही की गाडी दहा-पंधरा किलोमीटर छान चालते, मग दम सोडते; झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि पुन्हा चालू. कितीतरी लोकांनी यासाठी कार्बोरेटर बदललेत. मागच्या टाकीची श्वासनळी बॉडीच्या वरच्या कडेपर्यंत न्या, तिथं उलटा यू करा, टोकाला छोटा फिल्टर, आणि मध्ये गाडी उलटली तर बंद होणारा व्हॉल्व्ह. पावसाळ्यात ओढा ओलांडताना श्वासनळीचं तोंड पाण्याखाली गेलं तर गरम टाकी गार होताना ओढ्याचं पाणी आत ओढून घेते, म्हणून उंची महत्त्वाची. भरणीच्या नळीशेजारी हवा परत यायला वेगळी बोटभर नळी द्या, नाहीतर पंपावर गन दर दोन सेकंदांना खट्ट करून बंद होते आणि मागचा रांगेतला माणूस हॉर्न वाजवतो. ही जोडणी इंधनाच्याच होजनं करा. रेडिएटरचा होज दिसायला तसाच असतो, पण पेट्रोलमध्ये फुगून मऊ पडतो. बारीक नळ्यांना जे30आर9 असा शिक्का असलेला होज मागा. तो महाग आहे, पण इथेनॉलला टिकतो.

पंप. इंजिनावरचा डायफ्राम पंप मागून पेट्रोल ओढतो, पण ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि कमी दाबात पेट्रोल लवकर उकळतं. एप्रिल-मेमध्ये चढाला, कमी वेगात, नळीत वाफ धरते. नळी 8 मिलिमीटरची घ्या, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूनं न्या, डायफ्राम इथेनॉलला चालणाऱ्या रबराचा बदला. तरीही त्रास झाला तर टाकीजवळ, तिच्या तळाच्या पातळीला छोटा इलेक्ट्रिक पंप बसवा. दाब अडीच ते चार पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आत पाहिजे. इंजेक्शनच्या गाडीचा पंप चाळीसेक पीएसआय देतो. कार्बोरेटरची सुई तो अडवू शकत नाही आणि पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर सांडतं. पंपाची वायर ऑइल प्रेशरच्या स्विचमधून घ्या, म्हणजे अपघातात इंजिन थांबलं की पंपही थांबेल. आणि गाडी अजून 6 व्होल्टवर आहे का ते बघूनच पंप आणा.

इथं डिझेलवाल्यांसाठी एक गोष्ट, कारण आपल्याकडच्या कितीतरी हाय-बोनेटमधून पेट्रोल इंजिन कधीच गेलंय. डिझेलला परतीची नळी असते. दोन टाक्या ठेवल्या आणि कॉक फक्त येणाऱ्या नळीवर बसवला, तर एका टाकीतून ओढलेलं डिझेल दुसरीत परत पडतं. एक रिकामी होते, दुसरी उतू जाते, आणि रस्त्यावर मागच्या मोटरसायकलवाल्याची चाकं घसरतात. येणारी आणि परतीची नळी एकत्र फिरवणारा सहा तोंडांचाच व्हॉल्व्ह हवा. डिझेलला तांब्याची नळीही नको, तांब्यानं डिझेल लवकर खराब होतं.

तुमच्या पेट्रोल गाडीला परतीची नळी नाही, म्हणून जुनी टाकी दुसरी ठेवायची तर साधा तीन तोंडांचा कॉक पुरेल. पण ती पाझरते आहे. आणि एक गोष्ट कितीही घाई असली तरी करू नका: त्या टाकीला वेल्डिंग. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीला स्फोट होतो, आणि ‘वास येत नाही आता’ म्हणणाऱ्या टाकीच्या सांध्यात एवढी वाफ करायला पुरेसं पेट्रोल दडलेलं असतं. दोनदा साबणाच्या पाण्यानं धुतली, आठवडाभर उन्हात ठेवली, यानं काही सिद्ध होत नाही. जुन्या टाकीचा आकार जपायचा असेल तर तिच्यावरून माप घेऊन नवी करा. तिच्यातला गंज काढून नमुना म्हणून ठेवायची तर एक भाग साखर कारखान्यातली मळी आणि नऊ भाग पाणी आत भरून आठ-दहा दिवस ठेवा. गंज सुटतो, चांगलं लोखंड शाबूत राहतं. वास भयंकर येतो, घरच्यांना आधी सांगा. फ्लोटचं युनिट (पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारं) आधी काढून घ्या, ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग मळी खाते.

त्या फ्लोटवरून आठवलं: नवीन युनिट घेण्याआधी जुन्याचा विजेचा रोध मल्टिमीटरनं मोजा, हात खाली असताना आणि वर असताना. तुमच्या काट्याला जे आकडे लागतात तेच नव्या युनिटचे पाहिजेत. टाकी आता रबरावर बसली आहे, म्हणजे चासीशी तिचा विजेचा संबंध तुटला. टाकीपासून चासीला अर्थची वायर द्या. काट्यासाठीही, आणि पेट्रोल भरताना साचणाऱ्या स्थिर विजेसाठीही.

आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी विसंगत बदल करता येत नाही. इंजिन, इंधनाचा प्रकार, बॉडी हे स्पष्टच त्यात येतं. टाकीच्या बाबतीत तुमच्या केए 22 च्या (बेळगावच्या) आरटीओ कार्यालयात आधी लेखी विचारून घ्या, आणि विमा कंपनीला कळवा. दुसरं, गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं ओलांडलेली असेल तर 2021 च्या नियमांत तिला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात लागते, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल नको, आणि मग रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणता येत नाही. त्या वाटेनं जायचा विचार कधीतरी असेल तर चासीला एकही नवीन भोक पाडू नका. सीटखालचीच टाकी करा. राज्यांच्या हद्दीवर दर वेगळे असतात म्हणून ‘टाकी मोठी केली की निपाणीत स्वस्त भरून घेता येतं’ असंही कुणी सांगेल. लिटरमागे चार रुपये वाचले तरी वाढीव 40 लिटरला 160 रुपये. स्टेनलेसच्या टाकीचा खर्च त्यातून फिटायला तुमचा नातू गाडी चालवायला लागेल.

टाकी तयार झाली की गाडीला लावण्याआधी तपासा. गॅरेजचा कॉम्प्रेसर लावू नका. 65 × 35 च्या वरच्या पत्र्यावर दर चौरस सेंटिमीटरला सात किलोचा दाब म्हणजे सोळा टनांच्या आसपास जोर, टाकी ढोलासारखी फुगून सांधा उसवते आणि उसवताना समोर जो असेल त्याला लागतं. त्यापेक्षा टाकी पाण्यानं पूर्ण भरा, बाकीची तोंडं बंद करा, एका तोंडाला पारदर्शक नळी लावून ती दोन मीटर उंच धरा आणि त्यातही पाणी भरा. दोन मीटर पाणी म्हणजे 0.2 किलो दाब, तेवढा पुरे. नळीवर खूण करा, टाकी कोरडी पुसा, सांध्यांवर खडूची पूड चोळा आणि तासाभरानं बघा. खडू जिथं ओला दिसेल तिथं सुई जाईल एवढंही भोक सापडतं.

मग टाकी नीट वाळवून बसवा आणि पहिल्यांदा पाचच लिटर भरा. सगळे जोड कोरड्या बोटानं तपासा, इंजिन पंधरा मिनिटं चालवा, पुन्हा तपासा. त्यानंतर पूर्ण भरून गाडी चढावर नाक वर करून रात्रभर उभी ठेवा, खाली जुनं पुठ्ठं टाकून. पुठ्ठ्यावर डाग नसेल तर पहिली फेरी जांबोटीपर्यंत, आणि परत आल्यावर पट्ट्यांचे नट पुन्हा आवळा. रबर दबून ते हमखास सैल झालेले असतात.